पत्रास कारण की, प्रश्न पहिला

अर्जाचं पुढे काय होतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याने आयुष्यात अर्ज करू नये. ज्याला ठाऊक नसतं तो निदान आशेवर तरी असतो.

रुद्रेश मगदूमला ठाऊक होतं. पाटबंधारे खात्याच्या एका कचेरीत तो एकोणीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसत होता. आलेला कागद उघडायचा, शिक्का मारायचा, वहीत नोंदवायचा आणि काही कमी असेल तर ‘त्रुटी’ अशी चिठ्ठी लावून परत द्यायचा. काही ना काही कमी असतंच. आजऱ्याहून पहाटेची एस.टी. धरून आलेल्या म्हाताऱ्यालाही तो ‘काका, दोन प्रती लागतात’ हे इतक्या गोड आवाजात सांगे, की म्हातारा उलट त्याचेच आभार मानून जाई. दिवसभर दुसऱ्यांना परत पाठवणारा हा माणूस गेल्या डिसेंबरात स्वतःचा अर्ज घेऊन मुलीच्या शाळेच्या ऑफिसबाहेर उभा राहिला, तेव्हा त्याच्या पोटात जे व्हायला लागलं ते मार्चपर्यंत थांबलं नाही.

शाळेचं नाव इथे देत नाही. रुद्रेशसुद्धा ते मोठ्याने घेत नसे.

मुलगी रक्षिता, इयत्ता नववी. बोलायला बसली की घरातला टीव्ही लोक आपणहून बंद करत. एकदा ऐकलेलं विसरायची नाही. पण पुस्तक पुढे धरलं की अक्षरं उठून इकडेतिकडे फिरायला लागत. ‘कमळ’चं ‘मकळ’ होई, ‘सरळ’चं ‘रसळ’ होई, आणि लिहिताना तर स्वतःच्या नावातला ‘क्ष’ कधी पुढे, कधी मागे. सरकारी दवाखान्यात तीन खेपा झाल्या, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हिला अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे वाचण्या-लिहिण्यात अडचण आहे. बाकी मुलगी हुशार आहे. परीक्षेत जास्तीचा वेळ आणि लिहून देणारा लेखनिक मिळाला की प्रश्न नाही. ‘हुशार आहे’ हे ऐकून रुद्रेशच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने सवयीने प्रमाणपत्र वाचलं. त्यावर ‘अक्षम’ हा शब्द चार वेळा होता. ‘हुशार’ एकदाही नव्हता.

आता शाळेच्या फाटकावर एक फ्लेक्स होता, ‘सलग चौदा वर्षे दहावीचा निकाल शंभर टक्के’. हे कसं साधतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. जे पोर दहावीत डगमगेल असं वाटतं, त्याला नववीतच बाजूला काढायचं आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. म्हणजे शाळेचं नाव सोडून बाहेरून परीक्षा द्यायची. पास झालं तर त्याचं नशीब, नापास झालं तर फ्लेक्सला धक्का नाही. मुख्याध्यापिका इंगवले मॅडमनी रुद्रेशला बोलावून हेच अगदी मायेने सांगितलं. घरी बसून निवांत अभ्यास करेल, तिलाही ताण नाही, आम्हालाही नाही. रुद्रेश म्हणाला, ‘हो मॅडम.’

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं. शिवगंगा सीमेकडची. रागावली की बोलणं बंद करते आणि भेंडीचे तुकडे कानडीत मोजते. ओंदु, एरडु, मूरु. बावीसपर्यंत मोजून झाल्यावर तिने विचारलं, ‘आन् तुम्ही व्हय म्हणून आलासा?’

रुद्रेश भेंडीचे तुकडे ताटलीत भरायला लागला.

‘मग उद्यापास्नं तुम्ही पण नोकरी सोडा. दोघं मिळून घरात बसा.’

बायकोची भीती आणि मॅडमची भीती या दोन भीती रुद्रेश एकमेकींवर घालून कसेबसे दिवस काढू शकला असता. पण तिसरी एक होती. त्याची थोरली बहीण, जयसिंगपूरला दिलेली आक्का, हिला वडिलांनी पाचवीतच शाळेतून काढलं होतं, ‘हिचं डोकं चालत न्हाय’ म्हणून. आक्का आज पन्नास वर्षांची आहे, घरचं दुकान सांभाळते, पण चारचौघांत सही करायची वेळ आली की तिला घाम फुटतो आणि ती चष्मा घरी राहिला म्हणते. तिला चष्मा नाहीच. लहानपणी आक्कासुद्धा रक्षितासारखीच बडबडी होती असं आई सांगायची. रुद्रेशला आठवत होती ती मात्र गप्प बसणारी आक्का. आपली पोरगी तशी गप्प झाली तर, या विचाराने तो रात्री उठून ती झोपेत बडबडतेय का ते ऐके. म्हणून त्याने अर्ज करायचं ठरवलं.

बातमी गल्लीत पोचली आणि सल्ले सुरू झाले. समोरचे गणपतराव एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. घरातही गाडी सुटायची सूचना द्यावी तसे बोलतात. ‘मगदूमसाहेब, पोरीला दूध कट्ट्यावर न्या, म्हशी पिळत्यात तिथं, आन् धारोष्ण दूध पाजा. आमचा थोरला तिसरीत नापास झालता. दूध चालू केलं.’ मग पास झाला का, असं रुद्रेशने विचारलं. ‘न्हाय, परत नापास झाला. पर तब्येत बघा की त्याची.’ कोणी ब्राह्मीचं तेल सांगितलं, कोणी चष्म्याचा नंबर बघायला सांगितलं, पुण्याला नोकरीला असलेल्या एकाने मोबाईलवर कसलंसं ॲप पाठवलं. रुद्रेशचा यातल्या कशावरही विश्वास नव्हता, पण एखादा सल्ला टाळावा आणि नेमकं त्यातच औषध निघावं या भीतीने त्याने सगळे पाळले. आठ दिवस रक्षिता डोक्याला तेल थापून, डोळ्यांवर बिननंबरचा चष्मा लावून, दूध कट्ट्यावर म्हशींच्या रांगेसमोर उभी राहून ॲपवरची गाणी ऐकत होती. दूध तिला आवडलं.

अर्ज रुद्रेशने खात्यातल्या पद्धतीने केला. विषय, संदर्भ, सहपत्रे, प्रत्येक सहपत्राला रंगीत पताका, आणि फाईलला हिरवा टॅग. शाळेचा क्लार्क ऋतुराज हा पंचविशीचा पोरगा. त्याने फाईल उलटी धरली, सुलटी धरली आणि गोड आवाजात म्हणाला, ‘काका, त्रुटी आहे.’

रुद्रेशला तो आवाज ओळखीचा वाटला. त्रुटी अशी होती, की प्रमाणपत्रावर ‘रक्षिता’ होतं आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला ‘रक्षीता’, दीर्घ. शाळेनेच पहिलीत चुकीचं लिहून घेतलं होतं. पण रजिस्टर चुकत नसतं, असं ऋतुराजचं म्हणणं पडलं, आणि रुद्रेशला त्यावर बोलायला तोंड नव्हतं, कारण तो स्वतः हेच म्हणत आला होता. ‘ऱ्हस्व आणि दीर्घ या दोन्ही मुली एकच आहेत’ असं प्रतिज्ञापत्र आणायला सांगण्यात आलं.

घरी रक्षिताने सगळं नीट ऐकून घेतलं. ‘म्हंजे अप्पा,’ ती म्हणाली, ‘शाळेला पण माझ्यासारखंच हाय?’

शिवगंगा बऱ्याच दिवसांनी हसली. रुद्रेशला हसू आलं नाही, कारण हे वाक्य ही पोरगी शाळेत जाऊन म्हणेल अशी त्याला धास्ती पडली होती.

प्रतिज्ञापत्र झालं. मग फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचे हवेत असं निघालं. मग सहपत्रांच्या पताका काढून आणा, फाईल कपाटात बसत नाही, असं निघालं. प्रत्येक खेपेला रुद्रेश अर्ज देऊन येई आणि प्रत्येक खेपेला एक गोष्ट मागायची राहून जाई. ती म्हणजे पोच. आपल्या प्रतीवर ‘अर्ज मिळाला’ असा शिक्का आणि सही. पोच नसलेला अर्ज म्हणजे पंचगंगेत सोडलेली पत्रावळ, हे त्याने स्वतः किती नव्या कारकुनांना शिकवलं असेल. पण ऋतुराजने मान वर केली, की त्याच्या तोंडून ‘बरं, येतो’ एवढंच बाहेर पडे. शिवगंगा दारातच हात पुढे करून विचारी, ‘पोच?’ आणि रुद्रेश चपला काढण्यात नको तितका वेळ लावी.

फेब्रुवारीच्या शेवटी मॅडमनी पुन्हा बोलावलं. त्यांनी तोड काढली होती. येत्या शनिवारी रक्षिताची भूगोलाची चाळीस गुणांची चाचणी लेखनिक देऊन घ्यायची. पास झाली तर सवलतीचा प्रस्ताव बोर्डाकडे जाईल. नाही झाली तर सतरा नंबर, आणि मग पालकांनी पुन्हा यायचं नाही. लेखनिक पालकांनीच आणायचा. नियमांचा छापील कागद ऋतुराजकडून घ्या. रुद्रेश म्हणाला, ‘हो मॅडम.’

कागदावर दोन नियम महत्त्वाचे होते. लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीच्या इयत्तेपेक्षा किमान एक इयत्ता कमी असावे. आणि लेखनिकाने परीक्षार्थी सांगेल तेच लिहावे, स्वतःच्या मनाचे काही घालू नये.

म्हणजे आठवीतलं किंवा त्याखालचं पोर पाहिजे. गल्लीत आठवीतली पोरं तीन. यशराजच्या आईने सांगितलं, शनिवारी त्याचा क्लास असतो, आणि मग दार ओढून घेता घेता हळूच विचारलं, की हे शेजारी बसल्याने लागत वगैरे नाही ना? दुसऱ्या घरी सांगितलं, आमच्याच्या अक्षराची तुम्हाला कल्पना नाही. तिसऱ्या घरच्यांनी पोराला बाहेरच बोलावलं, आणि त्याने पन्नास रुपये आणि मिसळ मागितली. शिवगंगाने त्याला कानडीत काहीतरी सांगितलं, ते मराठीत सांगण्यासारखं नाही. गुरुवार संध्याकाळपर्यंत लेखनिक नव्हता आणि रुद्रेश जेवत नव्हता.

त्या संध्याकाळी मागच्या घरातल्या तानाबाई विरजण मागायला आल्या. वय एकसष्ट, माहेर मुरगूड, आवाज असा की त्या घरात बोलल्या तर गणपतराव समोरून उत्तर देतात. शिवगंगाने त्यांना सगळं सांगितलं. तानाबाईंनी वाटी ओट्यावर ठेवली, कागद मागून घेतला, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा चढवला आणि दोन्ही नियम मोठ्याने वाचले.

‘ह्यात वय कुठं लिव्हलंय?’ त्या म्हणाल्या. ‘मी सातवी पास हाय.’

कोल्हापुरात बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. त्यात व्याकरणाने पडायचं कारण नाही. तर तानाबाई पुढे म्हणाल्या, ‘तीस वर्षं ह्या गल्लीची पत्रं मी लिव्हलो. आर्ध्या घरातली पोरं मिलट्रीत. बायका सांगायच्या, मी लिव्हायचो. मोबाईल आला आन् माझं पेन सुकलं बघा.’

रुद्रेशने कागद घेतला आणि कारकुनाच्या नजरेने वाचला. खरंच, वय कुठेही नव्हतं. त्याने दुसऱ्या नियमावर बोट ठेवलं, की तानाक्का, मनाचं काही घालायचं नाही बरं का. तानाबाईंचा चेहरा एकदम बदलला.

‘आपल्या पदरचं घालायचं न्हाय आन् समोरच्याचं गाळायचं न्हाय. एकदाच गाळलो मी. एक नवी सून होती. म्हणाली, मालकांना लिव्हा, मला हितनं न्या. सासू बाजूलाच बसलती. मला वाटलं, कशाला घरात भांडण. त्येवढं वाक्य सोडलं आन् बाकीचं लिव्हलं. त्यो गडी तिकडं लडाखला. त्याला वाटलं, बायको सुखात हाय.’ त्या वाटीकडे बघत राहिल्या. ‘ती सून त्याच साली जीवानं गेली. तवापास्नं माझ्याम्होरं कुणी खोकलं तरी मी लिव्हतो.’

शिवगंगाने त्यांचा हात धरला. रुद्रेशलाही वाईट वाटलं, पण त्याचं निम्मं लक्ष तानाबाईंचा सातवीचा दाखला लॅमिनेट केलेला असेल का इकडे होतं. शेवटचं वाक्य त्याने नीट ऐकायला हवं होतं.

शनिवारी सकाळी इरकली लुगड्यातल्या तानाबाई, हातात पॅड आणि दोन पेनं घेऊन, फ्लेक्सखालून आत गेल्या. त्यांना बघून पोरं उठून उभी राहिली, कोणीतरी तपासणीला आलंय असं समजून. इंगवले मॅडम मात्र दारातच थबकल्या. ‘लेखनिक कुठे आहे?’ त्यांनी विचारलं. तानाबाई म्हणाल्या, ‘ही काय.’

मॅडमनी रुद्रेशकडे पाहिलं. ‘हो मॅडम’ अगदी त्याच्या ओठांवर आलं. पण पाठीमागे शिवगंगा उभी होती. ती मोजत नव्हती, नुसती उभी होती. रुद्रेश जमिनीकडे बघत पुटपुटला, की नियमात वयाचा उल्लेख नाही. मॅडम म्हणाल्या, काय? तो पुन्हा तेच म्हणाला, या वेळी जरा ऐकू येईल असं. ऋतुराजने नियमांचा कागद दोनदा वाचला. तानाबाईंनी दाखला काढला. तो लॅमिनेट केलेला होता.

कोपऱ्यातल्या वर्गात चाचणी सुरू झाली. पर्यवेक्षक म्हणून चित्रकलेचे सर. रुद्रेश व्हरांड्यातल्या बाकावर बसला. शिवगंगा देवाला गेली नाही, ती फाटकाशी उभं राहून फ्लेक्सकडे रोखून बघत होती. सुरुवातीला आतून नुसतं पुटपुटणं येत होतं आणि रुद्रेशला जरा बरं वाटायला लागलं होतं. पण तानाबाईंना लिहिताना अक्षर अक्षर मोठ्याने म्हणायची सवय होती, आणि त्यांचा आवाज काय होता ते सांगितलंच आहे.

‘थां... बा... ज... रा,’ आतून आवाज आला. ‘आ... ठ... व... तं... य.’

रुद्रेशला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो बाकावरून उठला. रक्षिता म्हणत होती थांबा जरा, आठवतंय, आणि तानाबाई तेही उत्तरपत्रिकेत लिहीत होत्या. सगळंच लिहीत होत्या. चाळीस गुण, तीन महिने, एक प्रतिज्ञापत्र, सगळं त्या ‘थांबा जरा’खाली गाडलं जात होतं. आत जायला परवानगी नव्हती. तो खिडकीशी गेला आणि तानाबाईंना हाताने ‘नको, नको’ अशी खूण करायला लागला. तानाबाई खाली मान घालून लिहीत होत्या. रक्षिताने पाहिलं आणि हात हलवून दाखवला. मग त्याने हवेत लिहून दाखवलं, त्यावर काट मारून दाखवली, ओठांवर बोट ठेवून दाखवलं. चित्रकलेच्या सरांनी आपल्या वहीत शांतपणे नोंद केली, ‘पालकाने खिडकीतून उत्तरे खुणेने सांगितली.’

ज्या माणसाने सरकारी पेन कधी घरी नेलं नाही, त्याच्यावर वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कॉपी पुरवल्याचा आळ आला. मॅडमच्या केबिनमध्ये तो उभा होता, बसायला कोणी सांगितलं नव्हतं. बाजूला शिवगंगा, तानाबाई आणि रक्षिता. मॅडम म्हणाल्या, हा विषय आता इथेच संपला, पण नोंदीसाठी उत्तरपत्रिका उघडून बघते. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्या मोठ्याने वाचायला लागल्या.

‘॥ श्री ॥ मुक्काम पोस्ट कोल्हापूर, शनिवार. तीर्थस्वरूप मुख्याध्यापिका इंगवले मॅडम यांचे सेवेशी, कुमारी रक्षिता हिचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्रास कारण की, प्रश्न पहिला.’

त्यांनी वर पाहिलं. मनाचं घालायचं नव्हतं ना, असं विचारलं.

‘मायना लिव्हणाऱ्याचा नसतोय,’ तानाबाई म्हणाल्या. ‘मायना कागदाचा असतोय.’

मॅडमनी पान उलटलं. त्यांना ही थट्टा सगळ्यांसमोर उघडी पाडायची होती, म्हणून आवाज चढवून त्या पुढे वाचत गेल्या.

‘प्रतिरोध पर्जन्य म्हंजे काय. थांबा जरा, आठवतंय. आज्जी, पेन चालतंय न्हवं? वारा समुद्रावरनं वाफ घिऊन येतोय. मधी सह्याद्री आडवा. मग त्याला वर चढावं लागतंय. वर गार. गार झालं की वाफेचं पाणी हुतंय आन् ते चढाच्या अंगालाच, म्हंजे गगनबावड्याला, सगळं सांडून जातंय. पल्याड उतरताना वारा रिकामा. म्हणून जयसिंगपूरला आमच्या आक्काआत्याची छत्री सात वर्षं झाली नवीच हाय. त्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणत्यात. पुढचा प्रश्न वाचा. न्हाय, हे लिव्हू नका.’

इंगवले मॅडम मूळच्या भूगोलाच्या. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांनी वर्ग घेतला नव्हता. त्यांचा हात आपोआप लाल पेनाकडे गेला आणि छत्रीच्या शेजारी बरोबरची खूण पडली. मग दुसरी पडली. भाषेकडे बघून त्या मधूनच कपाळाला हात लावत होत्या, पण खुणा पडत होत्या. तिसऱ्या पानावर त्या वाचायला लागल्या, ‘अप्पा खिडकीत आल्यात. हात हालवायल्यात. काय म्हणायल्यात आज्जी? मला काय कळंना. जाऊ दे, पोट दुखत असंल. भ्यालं की दुखतंय त्यांचं. प्रश्न चौथा.’

चित्रकलेच्या सरांची वही शेजारीच उघडी होती. मॅडमनी दोन्ही नोंदी एकापुढे एक ठेवून पाहिल्या आणि सरांच्या नोंदीवर आडवी रेघ ओढली. रुद्रेशला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आपलं पोट दुखतं हे पोरीला माहीत आहे, हे त्याला नवीन होतं.

मॅडम वाचतच होत्या. वाचता वाचता थांबावं हे त्यांना सुचलं नसावं. ‘आज्जी, मला म्हाईत हाय, आज नापास झालो तर सतरा नंबर. मला त्याचं भ्या न्हाय. पर अप्पा ऑफिसात लोकांना परत पाठवत्यात आन् माझ्यापायी स्वतः सगळीकडनं परत यायल्यात. ते मला बघवत न्हाय. मला सगळं येतंय आज्जी. अक्षरंच जागेवर थांबत न्हाईत, त्याला मी काय करू. हे लिव्हू नका हं. प्रश्न पाचवा.’

रक्षिता तानाबाईंकडे बघून हळूच म्हणाली, ‘लिव्हू नका म्हटलंतं की आज्जी.’

‘ते पण लिव्हलंय,’ तानाबाई म्हणाल्या.

रुद्रेशचे डोळे भरून आले. त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या आत कुठेतरी अभिमानही वाटला. ही पोरगी आक्कासारखी गप्प झाली नव्हती. जे त्याला एकोणीस वर्षांत स्वतःशीसुद्धा बोलता आलं नव्हतं, ते तिने भूगोलाच्या पेपरात सांगून टाकलं होतं.

शेवटच्या पानावर ‘कळावे. लहानथोरांस नमस्कार. उत्तर लवकर पाठवावे’ असं होतं. मॅडमनी त्यावर पेन टेकवून तानाबाईंकडे पाहिलं. ‘पत्र हाय,’ तानाबाई म्हणाल्या. ‘पत्राला उत्तर द्यावं लागतंय.’

गुणांची बेरीज झाली. चाळीसपैकी एकतीस. पण मॅडम पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघायला लागल्या. तिथून फ्लेक्सची मागची बाजू दिसत होती. त्या म्हणाल्या, हे मी पुढे कसं पाठवू? ही भाषा, हा मायना. संस्थेचे सेक्रेटरी विचारतील. यंदा पंधरावं वर्ष आहे, हिच्या वेळी सोळावं. शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज जरा कापला, आणि रुद्रेशने तो आवाज तत्काळ ओळखला. त्याच्या पोटात जे होतं तेच मॅडमच्या पोटात होतं. इतके दिवस तो या बाईंना भीत होता, आणि त्या दुसऱ्या कोणालातरी भीत होत्या. त्याची भीती यामुळे कमी झाली असं मुळीच नाही, पण तिला सोबत मिळाली.

तो एक पाऊल पुढे झाला.

‘मॅडम, नियम दोन. लेखनिकाने मनाचं घालू नये. यांनी काही घातलेलं नाही, हे या कागदाइतकं पक्कं दुसऱ्या कुठल्या उत्तरपत्रिकेत सिद्ध होणार नाही. शब्दाला शब्द आहे.’ त्याने उत्तरपत्रिका मॅडमपुढे सरकवली. ‘प्रस्ताव पुढे पाठवा. आणि पाठवायचा नसेल तर... तर कारणासह लेखी द्या.’

‘कारणासह लेखी द्या’ हे वाक्य काय आहे, ते सरकारी माणसालाच कळेल. रुद्रेशच्या टेबलासमोर एकोणीस वर्षांत फक्त दोघांनी ते उच्चारलं होतं आणि दोघांचीही कामं त्याच दिवशी झाली होती. मॅडमनी उत्तरपत्रिकेकडे पाहिलं, पुन्हा एकदा छत्रीच्या ओळीवरून बोट फिरवलं, आणि फाईल पुढे ओढून प्रस्तावावर सही केली. ऋतुराजला हाक मारून आजच पाठवायला सांगितली. रक्षिताला मात्र इतकंच म्हणाल्या, की ‘हुतंय’ नाही, ‘होतं’. रक्षिता म्हणाली, ‘व्हय मॅडम.’

सगळे बाहेर निघाले. तानाबाईंना दूध तापवायला जायचं होतं. रुद्रेश दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. शिवगंगाने काही विचारलं नाही, नुसता हात पुढे केला.

रुद्रेश परत फिरला. ऋतुराजच्या टेबलासमोर जाऊन त्याने आपली प्रत ठेवली.

‘पोच,’ तो म्हणाला.

ऋतुराजने मान वर केली. म्हणाला, काका, सोमवारी देतो. रुद्रेशला ‘बरं, येतो’ म्हणायची इतकी ऊर्मी आली, की त्याने टेबलाची कड घट्ट धरली. तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने ऋतुराजने खण उघडला, शिक्का काढला, पॅडवर दाबला आणि कागदावर मारला. खाली सही केली, तारीख घातली.

व्हरांड्यात येऊन रुद्रेशने तो कागद रक्षितापुढे धरला. ती वाकून बघायला लागली. ओठ हलत होते. मग तिने कपाळाला आठ्या घातल्या.

‘अप्पा, वाचता येईना. अक्षरं लई हलायल्यात.’

रुद्रेशने कागदाकडे पाहिलं. ‘अक्षरं न्हाय हलत बाळा,’ तो म्हणाला. ‘माझा हात हलतोय.’

रक्षिताने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. कागद थांबला. मग तिने एकेका अक्षरावर बोट ठेवत, घाई न करता, वाचलं.

‘मि... ळा... ला.’